वनाची तीन खाचांची काठी

वनाला मी उभ्या आयुष्यात एकदाच शिवी दिली. ती शाळामास्तराच्या तोंडी शोभणारी नव्हती, पण तिचा मला आजही पश्चात्ताप नाही. १९५४ सालचा पंधरा ऑगस्ट, भर पाऊस, खाऱ्या नाल्याची फरशी आणि साइडकारमध्ये भिजलेल्या धोतरानिशी बसलेला मी. माझ्या जागी कोणीही दिली असती. पण आधी वना कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच दोष द्याल.

मी गिरधर मास्तर. धुळ्याला देवपुरात राहायचो, तिथल्याच शाळेत शिकवायचो. वना आमचा दूधवाला. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की सहा मैलांवर, रस्त्याला लागूनच त्याचं गाव. घरी दोन भाऊ, कापसाची शेती, चार म्हशी. थोरला तोताराम आबा शेती बघायचा आणि वना दूध घालायचा. पण दूध घालायचा ते सायकलवर नाही, मोटरसायकलवर. लढाईत तो फौजेत ड्रायव्हर होता. परत आला तेव्हा देवळालीच्या फौजी सामानाच्या लिलावातून साइडकारची एक जुनी गाडी घेऊन आला. जिथे कधीकाळी कुणी गोरा साहेब बसला असेल तिथे याने दुधाचे दोन कॅन बसवले. सकाळी फटफट ऐकू आली की देवपुरात घरोघरी चहाचं आधण चढायचं.

हे झालं कोरड्या दिवसांचं. पावसाळ्यात आमचा चहा नऊ-साडेनऊला. कारण वनाच्या गावाजवळ एक नाला होता आणि नाल्यावर फरशी. पूल नव्हे, नाल्याच्या तळातून अंथरलेला दगडी रस्ता. पाऊस पडला की पाणी वरून वाहायचं. वना तिथे पोचला की गाडी थांबवायचा, उतरायचा, धोतर खोचायचा आणि काठी घेऊन पाण्यात शिरायचा. पार पलीकडे जायचा, परत यायचा आणि मग गाडीवर बसायचा. पाणी गुडघाभर असो की दोन बोटं, त्याला फरक नाही. काठीला त्याने चाकूने तीन खाचा पाडल्या होत्या. पहिल्या खाचेपर्यंत पाणी असेल तर सरळ जायचं. दुसरीपर्यंत असेल तर मॅग्नेटोला, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या डबीला, तेलाचं फडकं गुंडाळून हळू जायचं. तिसरीला लागलं तर घरी परत.

एकदा मी त्याला झापलं. म्हटलं, "अरे, रोजचा नाला, रोजची फरशी. काल तर पाहिलंस ना पाणी?"

तो म्हणाला, "काल देखं ते कालनं पानी व्हतं, मास्तर."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलंही नव्हतं. याने पाण्यात कधी गाडी घातली नाही, कधी पडला नाही, याचं कोणी वाहून गेलं नाही. मी कमलबाईला, त्याच्या बायकोला, विचारून खात्री करून घेतली होती. तरी हा जन्मजात फुंकणारा. बरं, गाडी चालवता येत नाही म्हणून भितो म्हणावं तर तेही नाही. पावसात शेतातल्या बैलगाड्या रस्त्यावर चढतात तिथे चाकांबरोबर काळी माती येते आणि डांबरावर तिचा लोण्यासारखा थर बसतो. भले भले तिथे उताणे होतात. वनाच्या मागे बसून मी एकदा त्या मातीवरून गेलो आहे. गाडी आडवी व्हायला लागली, याने ब्रेकला हात लावला नाही, पाय टेकला नाही, नुसतं अंग जरा सैल सोडलं, आणि गाडी सरळ झाली. दुधावरची साय हलली नसेल. एवढा हात ज्याच्याकडे आहे त्याने दोन बोटं पाण्यात काठी घालून फिरावं, याचा मला संताप यायचा.

त्या वर्षी आषाढात त्यांचा एक बैल साप चावून मेला. जोडी मोडली. पुढे श्रावणी अमावास्येला पोळा. पोळ्याला कुणबिकीच्या घरी दारात एकच बैल उभा म्हणजे गावभर शोभा. तोताराम आबाने एका वाक्यात निकाल लावला. "ती फटफटी औतले जुपता येस का? नही ना? मंग इकी टाक."

वनाने मान खाली घातली. घरात थोरल्याचा शब्द मोडायची रीत नव्हती आणि थोरला काही चूक बोलत नव्हता. पण दुसऱ्या दिवशी दूध मापताना त्याची नजर मापावर नव्हती, गाडीवर होती, आणि मला राहवलं नाही. हा माणूस रात्री गाडीवर स्वतःची घोंगडी टाकायचा आणि आपण पोतं पांघरायचा.

नेमकी तेव्हाच शर्यतीची बातमी आली. जळगावच्या काही कापूसवाल्या हौशी मंडळींनी पंधरा ऑगस्टला धुळे ते जळगाव मोटरसायकलची शर्यत ठरवली होती. ही मंडळी वर्षानुवर्षं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरवायची, त्यांना बक्षीस म्हटलं की एकच गोष्ट सुचायची. म्हणून मोटरसायकलच्या शर्यतीला पहिलं बक्षीस काय? बैल! चांगला चार दाती, पांढराशुभ्र, उंच खांद्याचा. मी हसलो नाही. मी तडक वनाच्या गावी गेलो आणि तोताराम आबापुढे बसलो.

म्हटलं, "आबा, पोळ्यापर्यंत थांबा. वना पहिला आला तर बैलही दारात आणि गाडीही दारात. नाही आला तर खुशाल विका, मी मधे पडणार नाही."

आबाने हातातली विडी विझवली. मग म्हणाला, "पहिला उना तर. दुसरा उना तर नही."

वनाचं नाव मी नोंदवलं. अट मी घातली. साइडकारमध्ये माणूस हवा असा नियम होता, तर माझं वजन भरपूर म्हणून तिथेही मीच बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात शिकवत असे. ती माझ्यावरच उलटायची होती.

शाळेत झेंडावंदन करून मी पांढऱ्या धोतरात आणि टोपीत तसाच निघालो. रात्रीपासून पाऊस कोसळत होता. तारीख बदला असं कोणीतरी सुचवलं, तर जळगावकर म्हणाले, स्वातंत्र्य काय पाऊस बघून आलं होतं? सहा गाड्या उभ्या राहिल्या. साइडकारची आमची एकटीच. सगळ्यांच्या पुढे झुलाल, एका जिनिंगवाल्याचा पुतण्या. नवीकोरी गाडी, पायात गमबूट, आणि बोलणं असं की जणू बैल याच्या गोठ्यात बांधूनच आला आहे. आमच्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, दूध नासू देऊ नका हो!"

कमलबाई गावच्या नाल्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला डोक्यावर पोतं घेऊन उभी होती. आम्ही जाताना ती ओरडली, "मास्तर, आज तरी यास्ले गाडीवरथून उतरू दिऊ नका!"

त्याच्या गावचा नाला आला. पाणी जेमतेम वीतभर. पाचही गाड्या पाण्याचे पंखे उडवत पार झालेल्या. वनाने गाडी थांबवली, काठी काढली आणि उतरला.

"वना," मी म्हटलं, "शर्यत आहे."

"पानी देख्याशिवाय गाडी कशी टाकू, मास्तर?" असं म्हणून तो पाण्यात गेलासुद्धा. मी साइडकारमध्ये बसून आकाशाकडे पाहत राहिलो. तोंडात पाऊस गेला.

पुढचे मैल त्याने चांगले काढले हे मान्य करायला हवं. रस्त्यावर गळलेल्या निंबाच्या पाल्यावर हळू, वळणाच्या आधी हळू, वळण संपलं की गाडी अशी सोडायचा की माझी टोपी मी दातात धरली. पारोळ्याच्या पुढे एक गाडी काळ्या मातीवर घसरून कापसात पडलेली दिसली. गाडीवाला चिखलात बसून गुडघा चोळत होता. वनाने तिथेही थांबून विचारलं, लागलं का. लागलं नव्हतं. मग दुसरी फरशी. तिथेही काठी. तोवर पुढच्या चौघांचा आवाजही ऐकू येईनासा झाला होता. ज्याची गाडी जायची तो शांत, आणि मी मेला उगाच जीव जाळतोय.

आणि मग खारा नाला आला.

उतार उतरून खाली आलो आणि मला डोळ्यांवर विश्वास बसेना. चारही गाड्या काठावर उभ्या. पुढे गढूळ पाण्याचा लोंढा, फरशी कुठेच दिसत नाही. फरशीच्या कडा कळाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड असतात, त्यांची नुसती टोकं वर. दोन बैलगाड्या, बाजारच्या बायका, सगळेच खोळंबलेले. झुलाल गमबूट आपटत येरझारा घालत होता. चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने आधी घालावी. कोरड्या रस्त्यावर ज्यांची छाती गावात मावत नव्हती ते सगळे तिथे बगळ्यासारखे उभे.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथे पाण्यात शिरायची सवय एकालाच होती, आणि तो माझ्या शेजारी बसला होता. शेवटचे होतो ते पहिले व्हायची वेळ आली होती.

वनाने काठी काढली. मी त्याचा सदरा धरला आणि कानात सांगितलं, "वना, नीट ऐक. जा, पाणी बघ. परत आलास की कोणाशी चकार शब्द बोलू नको. फडकं गुंडाळ, गाडीवर बस, आणि चल. हे इथे तासभर उभे राहतील. बैल आपला. गाडी आपली."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ऐकलं हे नक्की. मग तो पाण्यात उतरला.

पाणी गुडघ्यांना लागत होतं. तो एकेक पाऊल टाकत, काठी आपटत पलीकडे गेला. येताना आमच्या डाव्या अंगाला गेला, तिथल्या पांढऱ्या दगडाशी वाकला, हाताने चाचपून पाहिलं, काठी खाली घातली. ती हातभर आत गेली. मग तो काठावर आला आणि तोंडाशी हात धरून जोरात ओरडला,

"ऐका रे बठ्ठा! पानी दुसरी खाचना खाले शे, गुडघाइतलं. मधमधून जा. डावा हातना पांढरा दगड खोटा शे! बायास्नी धुनं धुवाले खाले सरकायेल शे. त्याना भरोसावर जाऊ नका, तठे फरशी नही!"

आमच्याकडे ही जुनी गाडीवानांची रीत. जो पाणी बघून येईल त्याने काठावरच्या सगळ्यांना पाणी सांगायचं. सांगितल्याशिवाय आपली गाडी घालायची नाही. ऐकणाऱ्याने सगळं ऐकून घ्यायचं आणि मगच निघायचं. बैलगाडीवाल्यांची रीत, मान्य. पण शर्यतीत? समोर प्रतिस्पर्धी उभे असताना? हातातोंडाशी आलेला घास याने चार जणांच्या ताटात वाढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच ती शिवी बाहेर पडली. बाजारच्या बायकांनीही ऐकली.

झुलालने किक मारली. थँक्यू नाही, रामराम नाही. मागोमाग दुसरे तिघे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी वनाला माफ केलं असतं. आमची गाडी पाचवी घातली असती तरी पुढच्या मैलांत त्याने दोघा-तिघांना गाठलं असतं. पण रीत अजून पुरी झाली नव्हती. ज्याने पाणी सांगितलं त्याने वाईट जागेवर उभं राहायचं, सगळे पार होईपर्यंत. हा शहाणा परत पाण्यात गेला आणि त्या धुण्याच्या दगडाच्या अलीकडे काठी रोवून उभा राहिला. चारही मोटरसायकली त्याच्या अंगावर पाणी उडवत गेल्या. मग पहिली बैलगाडी. मग दुसरी, तिचा बैल बुजला तर याने कासरा धरून नेली. मग बाजारच्या बायका, एकमेकींचे हात धरून, याच्या काठीला स्पर्श करत. आणि मी साइडकारमध्ये पावसात एकटा, कुणाच्या तरी वरातीत विसरून गेलेल्या म्हाताऱ्यासारखा.

तो आला, फडकं गुंडाळलं, गाडी चालू केली. मी म्हटलं, "तोंड शिवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"पानी काय आपलं घरनं शे, मास्तर, लपाडी ठेवाले?"

पार होताना मी डावीकडे पाहिलं. साइडकार डाव्या बाजूलाच असते. त्या पांढऱ्या दगडाच्या भरवशावर कोणी गेलं असतं तर सरळ डोहात. झुलाल कडेने जायच्या तयारीत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वनाला गप्प राहा म्हणालो तेव्हा मला दगडाचं ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काय म्हणालो असतो, हे मी आजपर्यंत स्वतःला विचारलेलं नाही.

जळगावला पोचलो तेव्हा बक्षीस समारंभ संपत आला होता. झुलाल पहिला. बैलाच्या कपाळावर गुलाल, झुलालच्या गळ्यात हार. भाषणात त्याने सांगितलं की पावसाळी रस्त्यावर माणसाची छाती पाहिजे. मी पुढे सरसावलो, चार शब्द ऐकवणारच होतो, पण वनाने मागून माझं धोतर धरलं. आधीच ओलं, त्यात ते सुटायच्या बेतात. मी बसलो.

तोताराम आबाला काही सांगावं लागलं नाही. त्याने वनाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बरं." आठवड्यात पारोळ्याचा एक फोटोग्राफर येऊन गाडी घेऊन गेला. वनाने त्याला किक कशी मारायची ते दाखवलं, फडकं दिलं, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होण्याआधीच गोठ्यात निघून गेला. कमलबाई मात्र दारात उभं राहून रडली.

आता पुढचं ऐका म्हणजे मी का चिडतो ते कळेल. झुलालच्या घरी शेती नावालाच. त्याला बैल काय करायचा? त्याने तो बाजारात उभा केला आणि तोताराम आबाने तोच बैल विकत आणला. म्हणजे जो बैल आमच्या दारात फुकट यायचा होता, तो गाडी विकून आणला! हे ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. लताबाई, माझी बायको, म्हणाली, बैल त्यांचा, गाडी त्यांची, उपास तुम्हाला का?

पोळ्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच वना मला न्यायला बैलगाडी घेऊन देवपुरात आला. कॅनही त्याच गाडीत. जोडीला तो नवा पांढरा बैल, शिंगांना लाल हिंगूळ, गळ्यात घुंगरांच्या माळा. मी नवं धोतर नेसलो होतो. पाऊस भुरभुरत होता, आणि गावचा नाला वाहत होता. बैल पाण्याशी आले, मान खाली घालून हुंगलं, आणि पांढऱ्याने स्वतःच पाऊल पुढे टाकलं.

वनाने कासरा ओढला. गाडी थांबली. त्याने काठी घेतली आणि उतरला.

"वना!" मी ओरडलोच. "बैलाला पाणी कळतं! तो निघाला होता! आता तरी काठी फेक!"

तो तसाच पाण्यात गेला. मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात पलीकडच्या काठावर फटफट ऐकू आली. मला कळायच्या आधी त्याला कळलं असणार, कारण तो पाण्याच्या मधोमध थांबला होता. फोटोग्राफर होता. धुळ्याला निघालेला. साइडकारमध्ये दुधाच्या कॅनच्या जागी फोटोची पेटी आणि तिवई. काठावर येऊन तो घुटमळला.

वनाने तोंडाशी हात धरले. "पहिली खाचले शे! मधमधून या! बिनघोर या!"

आणि उताराच्या बाजूला काठी रोवून उभा राहिला. वनाची ती गाडी वनाच्याच शेजारून गेली. इतक्या जवळून, की हात लांबवला असता तर हँडलला लागला असता. त्याने लांबवला नाही. फोटोग्राफरने मान हलवली, वनाने हलवली. पाणी याच्या कमरेपर्यंत उडालं. गाडी आमच्या बैलगाडीला वळसा घालून वर चढली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागली.

तो परत आला, जागेवर बसला, काठी माझ्या पायाशी ठेवली. मला भयंकर राग आला होता. कशाचा राग, ते त्या घडीला मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "बैलाला कळत होतं ना पाणी? मग उतरलास कशाला?"

"बैलले समजस, मास्तर," तो म्हणाला. "पन बैल कोनले सांगस का?"

त्याने कासरा सैल सोडला. बैल पाण्यात शिरले. मी ठरवलं, आता याच्याशी घर येईपर्यंत बोलायचं नाही. गाडी नाला चढून वर आली, गावातले ढोल ऐकू यायला लागले. वना मागे वळला नाही, बैलांच्या पाठीकडे बघतच त्याने विचारलं,

"मास्तर, चेन ढिली वाजी ऱ्हायनी ना तिनी?"

मी हो म्हणालो.